बापूंच्या अटी आणि भंगारातला रंगीत टीव्ही

भारतात रंगीत टीव्ही आणला तो वर्ध्याच्या खासदारानं. हे वर्ध्यातच कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग "काहीही सांगता जी" म्हणतो आणि मग मोबाइल काढून शहानिशा करतो. शहानिशा झाली की गप्प बसतो, कारण गोष्ट खरी आहे. वसंतराव साठे १९८० मध्ये वर्ध्यातून लोकसभेवर गेले आणि इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. खेड्यात प्यायला पाणी नाही आणि यांना टीव्ही रंगीत पाहिजे, अशी टीका करणाऱ्यांची तेव्हा वानवा नव्हती. साठे हटले नाहीत. १५ ऑगस्ट १९८२ ला लाल किल्ल्यावरचं पंतप्रधानांचं भाषण रंगीत दिसलं, नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई स्पर्धा रंगीत दिसल्या. मधल्या सप्टेंबरात साठ्यांचं खातं बदललं आणि त्यांच्याकडे रसायनं व खतं आली. देशाला रंग लावून झाल्यावर खतांकडे रवानगी, हे फक्त राजकारणातच होऊ शकतं.

आता हा खासदार कुठला, तेही पाहा. एका अंगाला बापूंचं सेवाग्राम, दुसऱ्या अंगाला विनोबांचं पवनार, मधे मगनवाडी. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानं १९३४ पासून इथंच बसून घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ आणि हातकागद यांचा प्रचार केला. संघाच्या कुमारप्पांनी काटकसरीचं अर्थशास्त्र इथंच मांडलं. विनोबांनी पवनारला प्रायोपवेशन करून देह ठेवला तो १५ नोव्हेंबर १९८२ ला, आणि आशियाई स्पर्धांचं रंगीत उद्घाटन झालं १९ ला. तारखा जरा मागेपुढे ठेवाव्यात एवढी रीतभात इतिहासाला कधीच नव्हती.

मी स्वतःला या दोन्ही घराण्यांचा वारस समजतो. म्हणजे असं, की मी जुने रंगीत टीव्ही जमवतो, हा साठ्यांचा वारसा. आणि ते स्वतःच्या हातानं दुरुस्त करतो, हा मगनवाडीचा. घरच्यांना यातला एकही वारसा मान्य नाही. मागच्या अंगणाकडच्या ज्या खोलीत हे संच आहेत तिला बायको गोठा म्हणते. "तुमच्या गोठ्यात पाहुण्यांना नेऊ नका, भाकड जनावरं पाहायला नाही आले ते," असं ती पाहुण्यांसमोरच सांगते. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन आली की त्यांनाही ती मागच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणते, "तिकडे खरे आहेत." खोलीत संच किती आहेत, हे मी कुणाला मोजू देत नाही. मोजलं की आकडा होतो, आणि आकडा झाला की भांडण होतं.

या भांडणात मी एक जुना कागद पुढे करतो. १९२९ मध्ये बापूंच्या चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. लाख रुपये म्हणजे तेव्हाचे लाख! त्याच्या अटी मला तोंडपाठ आहेत. यंत्र वजनाला हलकं, साध्या खेडुताच्या झोपडीत मावणारं असावं. बाईमाणसाला सलग आठ तास फारसं न थकता चालवता यावं. किंमत दीडशे रुपयांच्या आत. वेळोवेळी डागडुजी केली तर किमान वीस वर्षं चालावं. आणि डागडुजीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. किर्लोस्करवाडीहूनसुद्धा एक यंत्र गेलं होतं, पण बक्षीस अखेर कुणालाच मिळालं नाही. मगन संग्रहालयात गेलं की तऱ्हेतऱ्हेचे चरखे पाहायला मिळतात, आणि तिथं उभं राहून मला दर वेळी एकच वाटतं, की या अटी ज्यानं लिहिल्या त्याला यंत्रांचा राग नव्हता, दुरुस्त न होणाऱ्या यंत्रांचा होता. सेवाग्रामला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी बसवून दिलेला टेलिफोनही आहे. लोक तिथं हात जोडून उभे राहतात. मी वाकून वायर कुठून आत जाते ते पाहतो.

तर या अटी माझ्या संचांना लावून पाहू.

वजनाच्या अटीत आम्ही सपशेल नापास. एकवीस इंची संच वीस किलोच्या खाली भरत नाही, आणि त्यातलं बहुतेक वजन पुढच्या काचेत असतं. त्यामुळे उचलताना तो नेहमी उचलणाऱ्याच्या अंगावर झुकतो. पुढून मिठी मारून, काच छातीला लावून, गुडघ्यात वाकून उचलायचा, ही त्याची रीत. लग्नाच्या फोटोतसुद्धा मी कुणाला इतक्या जवळ घेतलेलं नाही, असं आमच्याकडे बोललं जातं. एकोणतीस इंचीचं तर नावच काढू नका. तो घरात येतो तेव्हा चौघांच्या खांद्यावरून येतो आणि शेजारचे खिडकीत येऊन कोण गेलं ते विचारतात.

बाईमाणसाला आठ तास न थकता चालवता येण्याची अट मात्र टीव्ही डोळे मिटून पार करतो. बापूंना बिचाऱ्यांना सूत अभिप्रेत होतं. पण बायकांना उगाच नावं ठेवू नका. आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर बातम्यांची एकच वाहिनी सकाळी लावतात ती रात्रीच्या जेवणापर्यंत, आणि न थकता. थकते ती वाहिनी.

किमतीची अट गमतीची आहे. १९८० च्या दशकात रंगीत संचाला आठ-दहा हजार सहज मोजावे लागत. कारकुनाचा कित्येक महिन्यांचा पगार. म्हणून तर ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या काचेवर लावायला रंगीत प्लॅस्टिकचा पडदा मिळायचा, वर निळा, मधे नारिंगी, खाली हिरवा. निसर्गदृश्य आलं तर आभाळ निळं आणि शेत हिरवं अगदी जागच्या जागी. माणूस जवळून दाखवला की कपाळ निळं, नाक नारिंगी, दाढी हिरवी. लोक तेही कौतुकानं पाहत. आज तोच आठ-दहा हजारांचा खरा रंगीत संच भंगारवाल्याच्या हातगाडीवर उताणा पडलेला असतो आणि दीडशेत मिळतो. १९२९ ची अट पुरी व्हायला इतकी वर्षं लागली, एवढंच.

भंगारवाल्याशी माझा जुना व्यवहार आहे. त्याला टीव्हीत रस नसतो, ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या कॉइलमधल्या तांब्यात असतो. ते काढायला तो मान मोडतो, हवा आत शिरते, आणि रंगीत ट्यूब त्या क्षणी नुसती शिसं घातलेली काच होते. म्हणून गाडीचा आवाज आला की मी अंगात शर्ट नसला तरी धावतो. "काऊन पळून राह्यले भाऊ, थांबतो न मी," असं तो म्हणतो, पण भाव वाढवतो. पळत आलेल्या गिऱ्हाइकाचा भाव वेगळा असतो, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता कोणता संच हाती लागला तर पळायचं आणि कोणता आला तर सावकाश चालत जायचं, यावर माझी ठाम मतं आहेत. ओनिडाचा एकवीस इंची दिसला तर पळावं. एक तर त्याचं चित्र घट्ट आणि रंग भडक, आणि दुसरं म्हणजे जाहिरातीतला शिंगं-शेपटीचा तो हिरवट राक्षस. गोपी कुकडे यांच्या डोक्यातून निघालेला हा राक्षस शेजाऱ्याचा मत्सर मालकाच्या अभिमानाला जोडून विकायचा, आणि मराठी मध्यमवर्गाला आपल्याबद्दल इतकं खरं कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. व्हिडिओकॉनला घरचा म्हणून मान; औरंगाबादेत जन्मलेला आहे, आणि त्याची सर्किटं इतक्या मेकॅनिकांच्या हाताखालून गेली आहेत की सुटा भाग कुठल्याही जुन्या दुकानातल्या बरणीत सापडतो. बीपीएलचा आवाज चांगला. डायनोरा आणि सॉलिडेअर हे मद्रासकडचे. त्यांची लाकडी पेटी पाहिली की आत टीव्ही आहे की देव, हे दार सरकवल्याशिवाय कळत नाही. सोनीचा ट्रिनिट्रॉन म्हणजे आखाती देशात नोकरीला गेलेल्या जावयाची खूण. त्याच्या पडद्यावर नीट पाहिलं तर एक केसाएवढी बारीक आडवी सावली दिसते. आतल्या उभ्या तारांची जाळी थरथरू नये म्हणून तिच्यावर ताणून बसवलेल्या तारेची ती सावली. ट्रिनिट्रॉन असल्याचा तो दाखलाच आहे. तरी जावयानं डाग असलेला टीव्ही आणला, अशी कुजबुज त्यावरून झालेली मला माहीत आहे.

आणि ईसी टीव्ही. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनचा, म्हणजे थेट अणुऊर्जा खात्याच्या घरचा. पुढे याच कंपनीनं मतदान यंत्रं बनवली. कुठलंही बटण दाबलं तरी दूरदर्शनच लागायचं, ही त्या काळातली तक्रार यंत्राची नव्हती, हे मी आवर्जून सांगतो.

रंगीत टीव्हीवर माझा जीव जडला तो मात्र कंपन्यांमुळे नाही, जर्मन वॉल्टर ब्रुखमुळे. रंगाची माहिती एका लहरीच्या फेजमध्ये भरून पाठवतात. लहर वाटेत जराशी घसरली की रंग बदलतो. चेहरा एक तर हिरवा पडतो नाही तर जांभळा. अमेरिकेची आधीची पद्धत यावर उपाय म्हणून प्रेक्षकाच्या हातात एक बटण देऊन मोकळी झाली होती: ज्याला चेहरा हिरवा दिसेल त्यानं फिरवून घ्यावं. ब्रुखनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टेलिफुंकेन कंपनीत वेगळीच युक्ती काढली. एका ओळीत सरळ पाठवायचं, पुढच्या ओळीत उलटं. वाटेत घसरण झाली तर एका ओळीत जावई हिरवा पडेल, पुढच्या ओळीत तेवढाच जांभळा. दोन्ही मिसळले की माणसाच्या रंगाचा. पण मिसळायला पहिली ओळ थांबवून ठेवली पाहिजे. त्यासाठी टीव्हीत काचेचा एक चपटा तुकडा असतो. ओळ त्यात ध्वनिलहर होऊन शिरते, कडांवर आपटत आपटत फिरते आणि बरोबर ६४ मायक्रोसेकंदांनी बाहेर येते, तोवर पुढची ओळ हजर झालेली असते. रामायणातल्या प्रत्येक बाणानं या काचेत येरझारा घातल्या आहेत. हा काचेचा तुकडा मी पाहुण्यांना हातात देऊन दाखवतो. पाहुणे तो उलटसुलट करतात आणि चहा झाला का विचारतात.

ब्रुखच्या या पद्धतीचं नाव पाल. ती पश्चिम जर्मनीत २५ ऑगस्ट १९६७ ला सुरू झाली. तिथले नेते विली ब्रांट यांनी बर्लिनमध्ये मोठं लाल बटण दाबायचं आणि देशभर रंग उमटायचा, असा थाट. बटण नुसतं शोभेचं होतं, खरं काम आत बसलेल्या तंत्रज्ञाकडे. त्यानं जरा घाई केली आणि ब्रांट यांचं बोट बटणाला लागायच्या आधीच सगळं रंगीत झालं. असली उद्घाटनं फक्त आपल्याकडेच होतात, असं मी तोवर समजत होतो.

वर्ध्यात मात्र ब्रुखची खरी परीक्षा. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरचा टॉवर इथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. अँटेनासाठी लोकांनी घराच्या उंचीएवढे पाइप घराच्या वर लावले. पाइपावर वानर बसायचं. आमच्याकडचं वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, अंगानं भरलेलं. ते अँटेनाच्या दांड्यावर बसून शांतपणे शेपटी खाली सोडायचं आणि अँटेनाचं तोंड नागपूरकडून यवतमाळकडे व्हायचं. ३१ ऑक्टोबर १९८७ ला नागपूरला भारत-न्यूझीलंड सामना होता, विश्वचषकाचा. चेतन शर्मानं तिघांना लागोपाठ त्रिफळाचीत केलं आणि सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक काढलं. त्या सामन्यासाठी कर्ज काढून कलर टीव्ही आणलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांची एकच तक्रार होती: दोन्ही संघ नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत. दहा हजार घालून गवत तेवढं हिरवं दिसलं.

उन्हाळा हा टीव्हीचा दुसरा शत्रू. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जाऊन बसतो. टीव्हीच्या पोटात त्याहून जास्त. वीज कधी दोनशेच्या खाली, कधी अडीचशेच्या वर. स्टॅबिलायझर दिवसभर टक्‌ टक्‌ करून जीव काढतो. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडून उडणारी रुई मागच्या जाळीतून आत शिरते आणि पंचवीस हजार व्होल्टच्या ओढीनं ट्यूबला चिकटते. रंगीत टीव्ही उघडला की आत काळी मखमल निघते ती हीच. हिंगणघाटकडून आलेला एक संच मी साफ केला, तेव्हा निघालेल्या ऐवजात एक लहान उशी भरली असती. पाल तर प्रत्येक संचात एक असतेच. मी पद्धतीबद्दल बोलत नाही, भिंतीवरच्या पालीबद्दल बोलतो. उबेला येते, दोन टोकांवर एकदम पाय देते आणि जाताना एखादा ट्रान्झिस्टर सोबत घेऊन जाते.

पण बापूंची पाच टक्क्यांची अट खरी पाहायची ती दुरुस्तीच्या टेबलावर. मागे एकदा माझ्या एका लाडक्या संचाचं (कंपनीचं नाव सांगत नाही, त्याच्या म्हातारपणी बदनामी नको) चित्रच गेलं. काळ्या पडद्याच्या मधोमध एक पांढरीशुभ्र आडवी रेघ, आणि आवाज व्यवस्थित. बातमीदार सगळं जग त्या रेघेतून सांगत होता. कुणीही घाबरलं असतं, मला आनंद झाला. चित्र उभं ताणणारा विभाग झोपला आहे, एवढाच त्याचा अर्थ. आधी ब्राइटनेस उतरवला, नाही तर रेघ काचेच्या लेपात कायमची भाजली जाते. मग पाठ उघडली. लांब स्क्रू ड्रायव्हरला तार जोडून, तारेचं दुसरं टोक चेसीला लावून ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवला. चट्‌ असा आवाज आला. संच बंद करून रात्र झाली तरी ही ट्यूब वीज धरून असते. चालू संचात हात घालायचा तर जुने मेकॅनिक एक नियम पाळतात: उजवा हात आत, डावा खिशात. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्यात जाते. मी हा नियम काटेकोर पाळतो. घरात त्याचा अर्थ एवढाच लावला जातो, की मी एका हातानं काम करतो आणि दुसऱ्यानं आराम.

प्लेट उलटी करून भिंगाखाली धरली. आयसीच्या एका पायाभोवती सोल्डरला बारीक गोल भेग, केस पडावा तशी. गरम-थंड होऊन होऊन पाय सुटतो. मेकॅनिक याला ड्राय सोल्डर म्हणतात, आणि जुन्या टीव्हीची निम्मी दुखणी या एका शब्दात संपतात. सोल्डरिंग आयर्न तापवलं, राळेचा धूर निघाला, चांदीसारखा थेंब पायाभोवती फिरून बसला. आता उंची लावायची. उंचीचा प्रीसेट संचाच्या मागे आणि चित्र पुढे. पूर्वी पुढे एक माणूस उभा करून "आलं का? थांब! गेलं!" असं चालायचं. मी समोर आरसा ठेवतो, तोही बायकोच्या कपाटाचा. आरशात रेघ उघडायला लागली, आधी निवेदकाचं नाक आलं, मग कपाळ आणि हनुवटी दोन्हीकडे पळाली. मी प्रीसेट थोडा जास्त फिरवला. निवेदक झुडपाचा ताड झाला. उलटा फिरवला, बसला. देशातल्या कुठल्याही पुढाऱ्याला मी एका स्क्रू ड्रायव्हरनं बुटका करू शकतो. नव्या टीव्हीत ही सोय कुठं आहे ते दाखवा.

खर्च सोल्डरच्या दोन इंच तारेचा. पाच टक्के फार लांब राहिले. पण प्रत्येक वेळी असं सुख मिळत नाही. बाजारात एक मेकॅनिक काकाजी आहेत. मला न उलगडणारा संच मी त्यांच्याकडे नेतो. ते आधी संच शंभर वॅटच्या बल्बला सिरीजमध्ये लावतात. बल्ब भकभक पेटला की आत शॉर्ट. मंद झाला की जीव आहे. मग टपलीनं पेटीच्या कडेला वाजवून पाहतात. आणि मग नेहमीचं बोलणं सुरू होतं.

"भाऊ, आता ह्याच्यात काही राह्यलं नाही. चायना किट टाकून देतो. रिमोटबी भेटते."

"काकाजी, किट बदललं तर मग टीव्ही तोच राहिला का?"

"ट्यूब तीच, डब्बा तोच. कोनाले समजते?"

"मला समजते."

"तुमाले समजून काय होते जी? तुमच्याकडे पाहायले येते कोन?"

याला उत्तर नाही. चायना किट म्हणजे तळहाताएवढी एक हिरवी प्लेट. कुठल्याही कंपनीच्या संचातलं मूळ काळीज उपसून तिथं ही बसवतात. सगळे टीव्ही मग एकाच आवाजात बोलायला लागतात. विदर्भातल्या कितीतरी घरांत आज ओनिडाच्या पेटीत, व्हिडिओकॉनच्या ट्यूबवर, हीच प्लेट नांदते आहे. मी तिला घरात येऊ देत नाही. काकाजी मग सुस्कारा टाकून जुन्या डब्यांतून एक-एक भाग काढतात, फुगलेला कंडेन्सर बदलतात, आउटपुट ट्रान्झिस्टर बदलतात. लागलेल्या भागांचे पैसे ते किटच्या किमतीहून जास्त लावतात, कारण तत्त्वाचा भाव वेगळा असतो. अशा वेळी पाच टक्क्यांची अट मी मूळच्या दहा हजारांवर काढतो. दीडशेवर काढली तर साडेसात रुपये होतात, आणि तेवढ्यात काकाजी टपलीसुद्धा मारत नाहीत.

दुरुस्त झालेल्या संचावर पाहायचं काय, हा प्रश्न लोक फार विचारतात. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने टॉवर बहुतेक बंद झाले, त्यामुळे अँटेनात आता वाऱ्याशिवाय काही येत नाही. मी छतावर फ्री डिशची तबकडी लावली आहे. आताचे कार्यक्रम लांबट पडद्याचे. चौकोनी टीव्हीत ते वर-खाली काळ्या पट्ट्या घेऊन येतात, नाही तर दोन्ही बाजूंनी कापले जातात. चर्चेच्या कार्यक्रमात कडेचे वक्ते निम्मे दिसतात. मला ते पुरतात. लॉकडाऊनमध्ये २८ मार्च २०२० पासून दूरदर्शननं रामायण पुन्हा दाखवलं, तेव्हा मात्र माझ्या गोठ्याला सोन्याचे दिवस आले. मालिका चौकोनी, टीव्ही चौकोनी, ना पट्ट्या ना कापाकापी. बैठकीतल्या चपट्या टीव्हीवर राम जरा जाडा दिसत होता. हे सासूबाईंच्या लक्षात आलं. "त्या मागच्या खोलीत देव बरोबर दिसतात," असं त्यांनी जाहीर केलं आणि घर मागच्या खोलीत आलं. तेव्हा माझ्या संचाची लाल गन जरा अशक्त होती, त्यामुळे हनुमान फिकट हिरवा येत होता. सासूबाईंनी हात जोडले, बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या दिवशी युद्धाच्या आधी लाल वाढवून दिला.

एका बाबतीत मात्र मला आता परावलंबी व्हावं लागतं. टीव्हीच्या ६२५ ओळी सेकंदाला पंचवीस वेळा रंगतात, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. तेवढ्याच गतीनं आतला ट्रान्सफॉर्मर थरथरतो आणि एक बारीक शिटी वाजते. संचात पहिला जीव आला की चित्राच्या आधी ही शिटी येते. आली की समजायचं, लाइन विभाग चालू झाला. अडचण एवढीच, की वय वाढलं की ही शिटी कानातून जाते. मला आता ती ऐकू येत नाही, काकाजींना तर कधीचीच नाही. पूर्वी भाच्याला उभा करायचो. तो यंदा कॉलेजात गेला आणि त्याच्या कानात आता दुसरंच काही वाजत असतं.

म्हणून शेजारचा पहिलीतला पोरगा कामाला लावला आहे. मी मागून सोल्डर लावायचं, बटण दाबायचं, आणि त्यानं ऐकून सांगायचं. मजुरी दर शिटीला एक गोरसपाक बिस्किट. पहिल्या आठवड्यात काम चोख झालं. ज्या संचात शिटी नव्हती तिथं त्यानं सरळ मान हलवली. मग त्याला दर कळला. आता एकेका संचातून त्याला दोन-दोन शिट्ट्या ऐकू येतात, आणि काल त्यानं ट्यूब काढून ठेवलेल्या रिकाम्या पेटीला कान लावून सांगितलं, "काका, ह्याच्यातबी वाजून राह्यली. मोठी हाय, दोन द्या."